जुन्या बुलेटचं हेड बसवताय? टॅपेटला घाई नको

कास्ट आयर्न इंजिनच्या जुन्या बुलेट गावोगावी आजही फिरताहेत. हेडचं काम करून आणलं तरी थोड्याच दिवसांत गाडी दम सोडते. अनेकदा चूक पार्टची नसते, बसवण्याची असते.

व्हॉल्व्ह : घासल्यावर पेस्ट पूर्ण धुवा, नाहीतर तीच इंजिन खाते. स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओता. व्हॉल्व्हपाशी पाझरलं तर पुन्हा घासा.

हेड : दोन्ही बाजू स्वच्छ, कोरड्या करा आणि गॅस्केट नवंच टाका. पुशरॉड जिथला तिथेच लावा. नट समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क पान्याने आवळा. एकाच बाजूने आवळलं तर हेड वाकतं, गॅस्केट फुटतं.

टॅपेट : इंजिन थंड हवं. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. उजव्या बाजूचं छोटं झाकण काढा. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. ढिला राहिला तर टकटक आवाज येतो. जास्त ताणला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मग त्याची उष्णता हेडला जात नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आवाज नाही म्हणून टॅपेट बरोबर, असं समजू नका.

गाडी चालू केल्यावर रॉकरला ऑइल पोचतंय का, ते आधी बघा. एकदा गरम करून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, नट पुन्हा तपासा. नट आवळले की हेड किंचित खाली बसतं, म्हणून टॅपेटही परत बघायचा. मेकॅनिककडे दिली असेल तर या दुसऱ्या तपासणीला गाडी नक्की न्या.