चाटण्यात गुंतलेला कुत्रा

पोकळ रबरी खेळण्यात खाणे भरून दिले की कुत्रा ते चाटून, आपटून बाहेर काढण्यात रमतो, चपला वाचतात. ‘काँग’ हे यातले प्रसिद्ध खेळणे. १९७०च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड फ्रिट्झ दगड चावून दात झिजवत असे. फोक्सवॅगनचा एक रबरी सुटा भाग मात्र तो सोडेना. त्यावरून मार्कहॅम यांना काँगचा आकार सुचला.

आत दहीभात, उकडलेला भोपळा किंवा बिनहाडाचे शिजवलेले चिकन भरता येते. आधी सैल भरावे. कुत्रा सरावला की ठासून भरून फ्रीझरमध्ये गोठवावे. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट वर्ज्य. झायलिटॉल (साखरेऐवजीचा गोड पदार्थ) घातलेले पीनट बटर तर विषच. खेळणे गिळता येईल इतके लहान नको. भरलेले खाणे रोजच्या जेवणातून वजा करावे, आणि फेरफटका चुकवू नये.