ई-पीक पाहणी : एका मोबाईलवर चालते, दुसऱ्यावर का अडते?

सातारा/सांगली : बांध एक, गट एक आणि ॲपही तेच. थोरल्या भावाच्या मोबाईलवर सोयाबीनचा फोटो लगेच निघतो, धाकट्याला मात्र ॲप सांगतं की तुम्ही गटापासून लांब आहात. माण असो की जत, पाहणीच्या दिवसांत असं गाऱ्हाणं ऐकू येतंच. दोष कधी सर्व्हरचा असतो, पण बऱ्याचदा तो हातातल्या मोबाईलमध्येच सापडतो.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्यानेच ॲपवरून करायची पद्धत आली. नोंद राहिली तर काय होतं, ते 2023 च्या खरिपाच्या मदतीवेळी दिसलं. कापूस-सोयाबीनला हेक्टरी 5 हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर झाली आणि आधी ई-पीक पाहणी केलेल्यांचीच नावं धरली गेली. सातबाऱ्यावर पीक असलेल्यांना नंतर सामावून घेतलं, पण तोवर हेलपाटे झालेच.

आता मोबाईलचं बघू. अँड्रॉइड 12 पासून पुढच्या मोबाईलवर ॲप लोकेशन मागतं तेव्हा ‘अचूक’ की ‘अंदाजे’ असं विचारलं जातं. घाईत ‘अंदाजे’ दाबलं, की मोबाईल ॲपला ढोबळ जागा सांगतो. ती किलोमीटर-दोन किलोमीटरनेही चुकू शकते. मग तुम्ही उसात उभे असलात तरी ॲपच्या हिशेबाने शेजारच्या शिवारात! जुन्या मोबाईलवर हा प्रश्नच विचारला जात नाही, म्हणून थोरल्याचं काम झालं. उपाय सोपा आहे : सेटिंगमध्ये ॲपची परवानगी उघडून अचूक लोकेशन चालू करा.

पाटणच्या डोंगरात रेंज नसली तरी जीपीएस चालतं, ते उपग्रहावरून येतं. फक्त जागा सापडायला वेळ लागतो. झाडाखालून बाहेर, मोकळ्यावर या आणि दोन-चार मिनिटं थांबा. काही कंपन्यांचे मोबाईल बॅटरी वाचवायला मागे चाललेलं ॲप बंद करतात, त्यामुळे फोटो अपलोड होताना ॲप उघडंच ठेवा.

एक चूक मात्र महागात पडते. ॲप अडलं की कुणीतरी ‘डेटा क्लिअर कर’ म्हणतं. अपलोड न झालेली माहिती मोबाईलमध्येच असेल, तर तीही पुसली जाते. आधी अपलोड, मग बाकीचं.

ॲप बनवणारे काही ठरावीक मोबाईलवर तपासून बघतात. बाजारातला प्रत्येक मॉडेल त्यांच्याकडे नसतो. म्हणून तक्रार नीट गेली पाहिजे. प्ले स्टोअरवर ‘बकवास ॲप’ लिहून एक स्टार दिला, तर त्यांना काय कळणार? मोबाईलचं मॉडेल, अँड्रॉइड आणि ॲप कितवं व्हर्जन, कुठलं बटन दाबल्यावर अडलं, तारीख-वेळ आणि स्क्रीनशॉट एवढं द्या. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर ‘ॲप सपोर्ट’मध्ये ईमेल असतो, तिथे पाठवा. ओटीपी कुणालाच सांगू नका. आणि तोच स्क्रीनशॉट मुदत संपायच्या आत तलाठ्यांनाही दाखवून ठेवा.