पो नदीच्या बांधावरून सायकल

इटलीतल्या फेरारा परिसरात पो नदीच्या बांधावर पहिल्यांदा चढणारा सायकलस्वार थबकतोच. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला खाली शेतं आणि घरांची कौलं!

पो म्हणजे इटलीतली सर्वांत लांब नदी, ६५२ किलोमीटर. पूर अडवायला दोन्ही काठांवर मातीचे उंच बांध घातले आहेत. नोव्हेंबर १९५१ मध्ये ते फुटले आणि पोलेझिने भाग पाण्याखाली गेला.

आज ‘देस्त्रा पो’ हा सायकलमार्ग उजव्या बांधावरून समुद्राकडे जातो. लांबी शंभर किलोमीटरहून जास्त, चढ जवळपास नाहीच, मोटारी क्वचित.

खडीच्या वाटांसाठी ४० मिलिमीटरच्या आसपासचे टायर घ्यावेत, हवा थोडी कमी ठेवावी. सावली कमी, उन्हाळ्यात डास फार. म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबर उत्तम.