बोराटी किती वाढते?

(बी. ए. भाग २)

नांदुऱ्याहून कोणत्याही खेड्याच्या वाटेला लागा, धुऱ्याधुऱ्यावर बोराटी दिसते. कमरेएवढी, फार तर पुरुषभर उंच. 'बोराटी थे बोराटीच, तिचं झाड होत नसते,' असे माझे वडील म्हणतात. हे कितपत खरे आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा करावयास हवा. आपण ज्यांना बोराटी म्हणतो त्यांत दोन निराळ्या जाती असतात. 'झिझिफस नुम्युलारिया' हिची पाने लहान, गोलसर व दोन्ही बाजूंनी लवदार असतात. ही मुळातच झुडूप. दोन-तीन मीटरच्या वर सहसा जात नाही. दुसरी 'झिझिफस मॉरिशियाना', म्हणजे आपली नेहमीची बोर. हिचे पान वरून हिरवे, गुळगुळीत व खालून पांढुरके असते. हिला वाढू दिले तर दहा-बारा मीटर उंचीचा वृक्ष होतो.

मग ही दुसरी जातही धुऱ्यावर खुरटी का राहते? कारण कुंपणाच्या काट्यांसाठी आपण ती वारंवार तोडतो. मूळ मात्र खोल जिवंत असते. शेंडा गेला की एका खोडाऐवजी अनेक फुटवे येतात. कोवळे फुटवे शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून खुडतात. एखादा मधला फुटवा काट्यांच्या आड वाचून शेळीच्या तोंडाच्या वर गेला, तरच त्याचे खोड बनते. म्हणजे झुडूप लहान दिसले तरी त्याचे मूळ लहान असेलच असे नाही.

आमच्या गावच्या जुन्या विहिरीवर एक बोर आहे. तिथे शेळ्या बांधत नाहीत, कुऱ्हाडही लागलेली नाही. मी एक मीटरची काठी उभी केली; तिची सावली ८० सेंटिमीटर पडली. त्याच वेळी झाडाची सावली बुंध्यापासून ७ मीटर २० सेंटिमीटर होती. म्हणजे उंची ९ मीटर. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर १ मीटर ३० सेंटिमीटर भरला. पाने तपासली, ती धुऱ्यावरच्या बोराटीसारखीच होती.

हे वडिलांना सांगितले. ते म्हणाले, 'सावलीत पऱ्हाटी येत नाही, मंग काय करतं?' त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु पावसाळा सरल्यावर दुपारची सावली उत्तरेकडे पडते. तेव्हा ज्या धुऱ्याच्या उत्तरेस रस्ता आहे, तेथे एक बोर वाढवावयास हरकत नसावी. सर्वांत सरळ फुटवा ठेवावा, बाकीचे कापावेत व तीन-चार वर्षे शेळ्यांपासून राखावा. त्यावर मेहरूण किंवा उमराण जातीचा डोळा भरला तर फळही चांगले मिळते.

यंदा वडिलांनी रस्त्याकडची एक बोराटी तोडली नाही. बाकीच्या बोराट्यांचे काटे मी तिच्याभोवती लावले आहेत.