"गोळी बंद केली, आता बरा आहे!"

सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांच्या घोळक्यात, दवाखान्याच्या बाकावर, एवढंच काय, लग्नाच्या पंगतीतही हे वाक्य कानावर पडतं. "तीन महिने झाले, एक फिट नाही. मग काय, बंद केली गोळी. आता बरा आहे." सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं आणि ऐकणारे माना डोलावतात. ताप उतरला की औषध थांबवायचं, हा आपल्या घराघरातला हिशोब. तोच अपस्माराला लावला तर कुत्रं जिवानिशी जाऊ शकतं.

फिटची गोळी आजार बरा करतच नाही, हे एकदा नीट समजून घ्या. पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली, रक्ताच्या तपासण्यांत काही सापडलं नाही आणि दोन फिटांच्या मधल्या काळात कुत्रं ठणठणीत असलं, तर तो बहुधा 'इडिओपॅथिक' अपस्मार असतो. त्याचं मूळ पुष्कळदा आनुवंशिक असतं. लॅब्रडॉर, बीगल, जर्मन शेफर्ड या आपल्या लाडक्या जातींत तो बराच दिसतो. अशा मेंदूतल्या पेशी मधूनच एकदम भडकतात. फेनोबार्बिटल, म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी गार्डिनाल, त्यांना आवरून धरते. रक्तात पुरेशी असेल तोवरच. तीन महिने फिट आली नाही याचा अर्थ गोळी काम करते आहे, एवढाच. ओढ्याचं पाणी शेतात शिरलं नाही म्हणून बांध फोडणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही.

गोळी थांबवल्यावर आजार पूर्वी होता तिथेच परत येतो, असंही नाही. मेंदूला औषधाची सवय झालेली असते. ते अचानक काढून घेतलं की तो उसळतो आणि फिटांवर फिटा येऊ लागतात. एक फिट पाच मिनिटांच्या वर लांबली, किंवा कुत्रं शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर अंग भट्टीसारखं तापतं, मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. गावाला जाताना गोळ्यांची पट्टी घरी विसरणं हेही 'अचानक बंद'च. दिवाळीच्या सुट्टीत हा प्रकार फार घडतो.

"मग काय जन्मभर गोळ्या?" बहुतेकांना हो. अपस्मारावर काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१५ मध्ये एकमताने मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यानुसार एक ते दोन वर्षं एकही फिट आली नसेल तरच डोस कमी करण्याचा विचार करावा, आणि तोही दर महिन्याला २० टक्के किंवा त्याहून कमी, अशा पायऱ्यांनी. एवढं सांभाळूनही खात्री नाहीच. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या पशुवैद्यकांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फिटा थांबल्यावर औषध सोडलेली ११ कुत्री होती. त्यांतल्या सात जणांना फिटा पुन्हा सुरू झाल्या. खरी वाईट गोष्ट पुढे आहे: गोळी परत चालू केल्यावर त्या सातांपैकी फक्त तिघांच्या फिटा पूर्ण थांबल्या. अकरा हा आकडा लहान आहे, मान्य. पण "बंद करून बघू, आली तर परत सुरू करू" म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवलेला बरा.

गोळी बंद करण्यामागे पुष्कळदा लिव्हरची धास्ती असते. ती अगदीच खोटी नाही. रक्तातली पातळी दर मिलिलिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की यकृताचा धोका वाढतो. म्हणूनच औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी, मग सहा आठवड्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी पातळी तपासायची असते, सोबत यकृताच्या चाचण्या. रिपोर्टमध्ये 'एएलपी' वाढलेलं दिसलं की लोक घाबरतात. या औषधाने ते यकृताला इजा न होताही वाढतं. तपासणीला जायचं नाही, पण लिव्हरच्या नावाने गोळी बंद करायची, हा न्याय मला कधी कळलेला नाही. सुरुवातीची सुस्ती आणि मागच्या पायांचा झोल दोनेक आठवड्यांत पुष्कळ ओसरतो. भूक आणि तहान मात्र वाढलेलीच राहते. तेव्हा पोळीचे तुकडे देताना हात आखडा.

मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणतो, "एवढा डोस? कुत्र्याला?" आणि मालक परस्पर अर्धी गोळी करून टाकतात. कुत्र्याचं यकृत हे औषध माणसापेक्षा भराभर निपटतं, त्यामुळे वजनाच्या मानाने डोस जास्तच लागतो: किलोमागे साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. शेजारच्या काकांची फेनिटॉइन तर कुत्र्याच्या शरीरातून इतक्या लवकर जाते की तिचा उपयोगच होत नाही. लेव्हेटिरासिटाम चालते, पण साधी गोळी दर आठ तासांनी द्यावी लागते.

बाकीचे समज थोडक्यात. चप्पल किंवा कांदा हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती बहुधा एक-दोन मिनिटांत आपली आपणच थांबते आणि श्रेय चप्पल घेऊन जाते. कापूर तर दूरच ठेवा, तो पोटात गेला तर स्वतःच फिट आणतो. कुत्रं जीभ गिळत नाही; तोंडात चमचा किंवा बोटं घातलीत तर बोटं तुमचीच तुटतील. फिटनंतर ते भेलकांडतं, भिंतीला धडकतं, मालकालाही ओळखत नाही, क्वचित गुरगुरतं. म्हणून सोसायटीने त्याला पिसाळलेलं ठरवू नये. रेबीजची लक्षणं दिसू लागलेलं कुत्रं दिवसागणिक खालावत साधारण दहा दिवसांत मरतं, दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत जेवायला येत नाही. लस न घेतलेल्या अनोळखी कुत्र्याला मात्र हात लावू नकाच. पिल्लाला आलेली प्रत्येक फिट अपस्माराची नसते, डिस्टेंपर आणि रक्तातली साखर आधी तपासा. आणि एकुलत्या एका छोट्या फिटनंतर लगेच गोळ्या सुरू होतीलच असं नाही. सहा महिन्यांत दोन किंवा अधिक आल्या, किंवा एकाच दिवशी लागोपाठ आल्या, तर सुरू करतात.

फिट चालू असताना फर्निचर सरकवा, पंखा लावा, घड्याळ बघा आणि एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम किंवा नाकात सोडायचं मिडाझोलाम घरी ठेवावं का, आणि किती द्यावं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पाच मिनिटं उलटली तर गाडी काढा, आणि निघतानाच दवाखान्यात फोन करा, म्हणजे ते सलाइन आणि इंजेक्शन तयार ठेवतील.