आयलीन ग्रे : फर्निचरकडून घराकडे

आयरिश वास्तुरचनाकार आयलीन ग्रे (1878–1976) यांनी वास्तुकलेचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. लंडनच्या स्लेड शाळेत चित्रकला शिकून त्या पॅरिसला आल्या आणि सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडून लॅकरचे काम शिकल्या. झाडाचा चीक पातळ थरात चढवायचा, दमट खोलीत वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. हे काम घाईने होतच नाही.

पॅरिसमधल्या रू द लोता या रस्त्यावरच्या एका सदनिकेत या कसबाने वेगळे वळण घेतले. लांब, अरुंद प्रवेशमार्गाच्या भिंती त्यांनी लॅकरच्या छोट्या विटांनी मढवल्या आणि वाटेत एके ठिकाणी त्या विटा भिंतीपासून सोडवून काटकोनात पुढे आणल्या. जागेची लांबट कंटाळवाणी रेघ तिथे तुटली. पुढे याच कल्पनेतून उभ्या दांड्यांभोवती फिरणाऱ्या विटांचा सुटा पडदा तयार झाला. भिंत कुठे संपते आणि फर्निचर कुठे सुरू होते, हा प्रश्न ग्रे यांनी मुद्दामच अनुत्तरित ठेवला.

त्यांचे पहिले घर ‘ई-1027’ हे वास्तुरचनाकार जाँ बादोव्हिची यांच्यासोबत 1926 ते 1929 या काळात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून इथे उभे राहिले. नावातले आकडे म्हणजे दोघांच्या आद्याक्षरांचे वर्णमालेतले क्रमांक. घर हे यंत्र आहे, हे वास्तुरचनाकार ल कोर्ब्युझिएचे मत ग्रे यांना पटत नव्हते. राहणाऱ्या माणसाचा हात कुठे पोहोचतो, ऊन केव्हा डोळ्यांवर येते, इथून त्यांची आखणी सुरू होई. पाहुण्यांच्या खोलीतले छोटे टेबल पाहावे: पोलादी नळीचे, वर काचेचा गोल. एका बाजूने उघडे असलेले बूड पलंगाखाली सरकते, साखळीला बांधलेली खिट्टी दुसऱ्या भोकात घातली की उंची बदलते. अंथरुणातच न्याहारी करता येते. कुठे काय ठेवायचे, हेही भिंतींवर अक्षरे छापून सांगितलेले. 1938–39 मध्ये ल कोर्ब्युझिएने त्याच भिंतींवर ग्रे यांना न विचारता भित्तिचित्रे रंगवली. आपल्याकडे चंदीगडमुळे ज्याचे नाव आदराने घेतले जाते, त्याची ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

‘ई-1027’च्याच काळातली ग्रे यांची ‘त्रान्सात’ ही आरामखुर्ची इंदूरला यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या माणिकबाग राजवाड्यातही पोहोचली होती. फ्रान्समधल्याच कास्तेलारजवळ 1934 मध्ये स्वतःसाठी बांधलेल्या घरात मात्र फर्निचर आणखी काटकसरी झाले. तिथला स्टूल उलगडला की शिडी होते आणि त्यावर टॉवेलही वाळत घालता येतो.