दोघे, एक फटफटी आणि एक वही

"फटफटीवरून लडाखला जाऊन आलो," असे आम्ही सांगितले की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. तरुण मंडळी विचारतात, "मग खारदुंग ला केलात की नाही?" आणि आमच्या बरोबरीची माणसे विचारतात, "या वयात हे कुणी सांगितले होते?" पहिल्याचे उत्तर "नाही" असे आहे आणि दुसऱ्याचे "कुणीच नाही". पण एवढ्यावरच थांबले तर आमच्या प्रवासात जे खरे मोलाचे होते ते सांगायचे राहूनच जाईल. म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही नाशिकचे. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. मी शाळेत गणित शिकवीत असे. घरात साडेतीनशे सीसीची बुलेट आहे, जुन्या धाटणीची, कार्ब्युरेटरवाली. तिच्यावरून आधी त्र्यंबक आणि वणी झाले, मग कोकण, गोवा, हंपी आणि एका हिवाळ्यात कन्याकुमारी. मुलीचे लग्न झाल्यावर तर आम्हाला अडवणारे घरात कोणी उरलेच नाही. गाडी हे चालवतात, मी मागे बसते. मागे बसणाऱ्याला काही काम नसते असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. माझ्याकडे रस्ता, पैसा, औषधे आणि वही ही खाती आहेत. ह्यांच्याकडे फक्त गाडी!

त्या वहीविषयी थोडे सांगायला हवे, कारण मोठ्या प्रवासाची आखणी कशी करता, असे पुष्कळ जण विचारतात. आमची रीत साधी आहे. लांब पानांची वही घ्यायची आणि तिच्यात चार रकाने पाडायचे: अंतर, उंची, मुक्काम आणि चौथा रकाना "जमले नाही तर". पहिला रकाना सगळेच भरतात. तिथे हुशारी एवढीच की नकाशावरचे किलोमीटर आणि पाठीच्या कण्याचे किलोमीटर यांत फरक आहे हे ओळखायचे. सपाटीवर दिवसाला फार तर चारशे, डोंगरात दीडशे, आणि चार-पाच दिवसांनी एक दिवस गाडीला हात लावायचा नाही. गाडीला विश्रांती लागत नसेल, पण दोन माणसे दिवसभर एकाच बैठकीवर बसून एकमेकांशी गोडीने बोलू शकतात ती काही ठरावीक दिवसच.

पेट्रोलचा हिशेबही वहीतच. एरवी आमची गाडी लिटरला पस्तीस देते. दोन माणसे, दोन बाजूंच्या पिशव्या आणि डोंगराचा चढ धरला की मी अठ्ठावीस धरते. टाकीत तेरा लिटर बसते, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास मजल. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाशी एक पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. म्हणून पाच लिटरचा एक डबा बरोबर घ्यायचा असे ठरले. गुणाकार-भागाकार आयुष्यात कुठे उपयोगी पडतो, असे विचारणाऱ्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना ही पाटी एकदा दाखवायला हवी.

ह्यांची यादी निराळी. क्लच आणि एक्सलरेटरच्या जादा वायरी, दोन ट्यूब, प्लग, टायर काढायच्या टॉम्या, हातपंप, चेनची जादा कडी. या सगळ्याला जागा झाल्यावर माझ्या कपड्यांना किती जागा उरली ते विचारू नका. प्रवासाआधी चार रविवार ह्यांनी ओळखीच्या मेकॅनिककडे बसून चाक काढायला आणि पंक्चर काढायला पुन्हा नव्याने शिकून घेतले. मी शेजारच्या स्टुलावर बसून घड्याळ लावीत असे. पहिल्या रविवारी दीड तास, चौथ्या रविवारी पस्तीस मिनिटे.

आमच्या वेळची फटफटी म्हणजे पुरुषांचा खेळ अशी समजूत आहे, तीही खरी नव्हे. थेरेसा वॉलॅक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरॉन या दोघी इंग्रज बायका डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून निघाल्या आणि साइडकार जोडलेल्या मोटारसायकलवरून सहारा वाळवंट ओलांडून जुलै १९३५ मध्ये केपटाऊनला पोचल्या. त्याही आधी, १९२३ मध्ये, मुंबईचे सहा पारशी तरुण चक्क सायकलवरून जगप्रवासाला निघाले होते. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. हे वाचल्यावर नाशिक ते लेह म्हणजे शेजारच्या आळीत जाऊन येण्यासारखेच वाटू लागले.

आता दुसरा रकाना, उंचीचा. लडाखच्या आखणीचे सगळे सार त्यात आहे. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे, आणि तिथल्या मोठ्या खिंडी पाच हजारांच्या पुढे. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणजे एका श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो. कार्ब्युरेटरच्या गाडीचे तिथे जे होते तेच माणसाचे होते. हवा कमी, पेट्रोल तेवढेच. मग इंजिन गुदमरते, काळा धूर सोडते, चढावर रडू लागते. गाडीचा स्क्रू फिरवून मिश्रण नीट करता येते. माणसाचा स्क्रू फिरवायला दिवस लागतात, आणि तो फिरवणारा मेकॅनिक म्हणजे फक्त विश्रांती.

म्हणूनच आम्ही जाताना मनालीची वाट धरली नाही. त्या वाटेने गेले तर दुसऱ्याच दिवशी चार हजार आठशे मीटरांच्या पुढचा बारालाचा ओलांडून सरचूला चार हजारांच्या वर झोपावे लागते. श्रीनगरची वाट समजूतदार आहे. श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल, लामायुरू, लेह अशी ती पायरीपायरीने चढवते. परत मनालीवरून यायचे, म्हणजे तोवर शरीर तयार झालेले असेल, असा बेत ठरला.

निघायचा मुहूर्त मात्र वादाचा झाला. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरतो, हिमनद्यांच्या ओढ्यांना पाणी कमी असते, रस्ते अजून उघडे असतात. गणपती बसलेले असताना घर सोडायचे नाही, म्हणून अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस धरला: १० सप्टेंबर २०२२. तिथेच पितृपक्ष सुरू होत होता! थोरल्या वन्सं म्हणाल्या, "अगं, पितृपक्षात कुणी एवढ्या लांब निघतं का?" त्यावर हे शांतपणे म्हणाले, "ताई, बाबांना जन्मभर भटकायची हौस होती. या खेपेला तेही येतील आमच्याबरोबर." वन्सं काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी डबाभर दशम्या आणून दिल्या.

मुंबई-आग्रा रस्ता आमच्या गावातूनच जातो, त्यामुळे सुरुवात सोपी. इंदूर, शिवपुरी, आग्रा, अंबाला, जम्मू. या पाच दिवसांबद्दल सांगण्यासारखे एवढेच की पहाटे साडेचारला निघणाऱ्याला हिंदुस्थान फार सुंदर दिसतो. जम्मूच्या पुढे डोंगर सुरू झाले. पूर्वी जिथे तासन् तास वळणे घ्यावी लागत, तिथे २०१७ सालचा चेनानी-नाशरीचा आणि २०२१ सालचा बनिहाल-काझीगुंडचा असे दोन लांब बोगदे आता झाले आहेत. काझीगुंडच्या बोगद्यातून बाहेर पडले की एकाएकी समोर काश्मीरचे खोरे उलगडते. सफरचंदांनी लादलेल्या मालमोटारींची रांग लागलेली होती, आणि त्या वासाने मला शेंद्रीय नाही, चक्क लहानपणच्या दवाखान्याची आठवण झाली. कारण आमच्या वेळी सफरचंद आजारी माणसालाच मिळत असे.

धावत्या गाडीवर बोलणे ऐकू येत नाही, म्हणून आमची एक खुणांची भाषा आहे. उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा, डाव्या खांद्यावर एक म्हणजे "ते पाहा". झोजी ला चढताना माझी डावी थाप सारखी पडत होती आणि ह्यांची मान रस्त्यावरून हलत नव्हती. ते बरोबरच होते! खाली दरी, वर सुटलेले दगड, आणि समोरून येणारे लष्कराचे ट्रक. द्रासला १९९९ च्या युद्धाचे स्मारक आहे. तिथल्या दगडांवरची नावे वाचताना महाराष्ट्रातले नाव सापडले की पाय आपोआप थांबतात. पुढे कारगिल, मग ४,१०८ मीटरांचा फोटू ला, आणि बाराव्या दिवशी लेह. दोन पूर्ण दिवस आम्ही तिथे काहीही केले नाही. पाणी प्यायलो, झोपलो, आणि घरमालकिणीने, तिथे ज्यांना आदराने "आमा-ले" म्हणतात त्यांनी, करून दिलेला थुक्पा प्यायलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी खारदुंग ला. लेहहून जेमतेम चाळीस किलोमीटर. ह्यांनी चार वर्षे आपल्या कपाटाच्या आतल्या बाजूला त्या खिंडीचे चित्र चिकटवून ठेवले होते. आम्ही हळूहळू चढत साउथ पुल्लूच्या चौकीपर्यंत आलो. तिथे माझे डोके ठणकू लागले. ओकारी झाली. त्यात नवल नव्हते. पण हातमोज्याचे बटण मला लावता येईना. बोटे दुसऱ्या कोणाची असावीत तशी वागत होती. दोन अंकांची बेरीज मनात करून पाहिली, तर ती चटकन होईना. गणिताच्या शिक्षिकेला याहून स्पष्ट इशारा कोणता हवा?

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर एक नियम लिहिलेला आहे. एका पावसाळ्यात कोकणात फरशीपुलावर पाणी चढलेले असताना, जावे की न जावे यावर आम्ही वीस मिनिटे भिजत वाद घातला होता. त्या रात्री तो लिहिला: "दोघांपैकी कोणीही 'परत' म्हटले की गाडी फिरवायची. कारण संध्याकाळी विचारायचे."

मी म्हटले, "परत."

खिंड तिथून पंधरा किलोमीटर उरली होती. आकाश स्वच्छ होते, रस्ता कोरडा होता, आजूबाजूची तरुण मुले आरोळ्या देत वर निघाली होती. ह्यांनी एकदा वर पाहिले, माझ्या हातमोज्याचे बटण लावले आणि गाडी फिरवली. "थोडे बसून पाहू" नाही, "तू इथे थांब, मी जाऊन येतो" नाही. चाळीस वर्षे होत आली संसाराला. माणसाने आपल्यासाठी काय काय केले याची यादी करायची झाली तर हे वळण मी वरच्या दोन-तीनांत घालीन.

लेहच्या डॉक्टरांनी प्राणवायू लावला आणि सांगितले, "लवकर उतरलात ते उत्तम केलेत. यात तयारीचा दोष नाही. तयारीने धोका कमी होतो, संपत नाही. आणि धडधाकट माणसालाही हे सोडत नाही. दुर्लक्ष केले की पाणी फुप्फुसात नाहीतर मेंदूत साचते. त्यावर पहिला आणि खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणे." मनालीचा रस्ता ५,३२८ मीटरांच्या तांगलांग लावरून जातो. तोही वहीतून काटला. चौथ्या रकान्यात आधीच लिहिलेले होते: "जमले नाही तर आल्या वाटेने."

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. आमा-लेंच्या घरी आम्ही भात केला, वरण केले, आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना जेवायला बोलावले. सासऱ्यांचे नाव घेऊन हे म्हणाले, "बाबा, खिंड राहिली, पण लेह पाहिलेत ना?" मग परतीच्या वाटेवर, सिंधू आणि झांस्कर यांचा संगम पाहून, आल्चीला गेलो. तिथल्या आठ-नऊशे वर्षांच्या जुन्या भित्तिचित्रांपुढे आम्ही दोन तास बसलो. मूळ बेतात आल्ची नव्हतेच! लेहहून खाली असल्यामुळे मला तिथे श्वास नीट घेता येत होता.

राहता राहिला उंचीचा अभिमान. खारदुंग लाच्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते. नव्या मोजणीने ती खिंड १७,५८२ फूट भरली. २०२१ मध्ये उमलिंग लाचा १९,०२४ फुटांवरचा रस्ता झाला, आणि २०२५ मध्ये मिग लाचा, सुमारे १९,४०० फुटांवरचा. म्हणजे जगातल्या सर्वांत उंच रस्त्यावर फोटो काढून घेतलेल्या किती जणांचे फोटो आता दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचे झाले! आमच्याकडे साउथ पुल्लूचा फोटोसुद्धा नाही.

सध्या जेवणाच्या टेबलावर नवा नकाशा पसरलेला आहे. पुढच्या ऑक्टोबरात तवांग. गाडी टाकी रिकामी करून, गोणपाटात बांधून रेल्वेने गुवाहाटीला पाठवायची; मग तेजपूर, भालुकपाँग, बोमडिला. इनर लाइन परमिट आधी काढून ठेवायचे. दिरांगला दोन रात्री, मग सेला. तिथे २०२४ साली बोगदा झाला आहे, पण ह्यांना खिंडीवरूनच जायचे आहे. मी हरकत घेतलेली नाही. चारही रकाने भरून झाले आहेत, आणि चौथा मी सर्वांत आधी भरला.

प्रवासाची हौस असलेल्या नवराबायकोंना आमचे सांगणे एवढेच. गाडी कोणतीही घ्या, दिशा कोणतीही धरा, पण निघण्याआधी "परत" हा शब्द दोघांनी मिळून ठरवून घ्या. तो ऐकणारा माणूस पुढे बसलेला असेल, तर मागे बसून कितीही दूर जाता येते.